वाचकांचे प्रश्न : माळावर पॅक भरायचे, पण बॅटरी कोणती?

प्रश्न : आम्ही चौघे निपाणीजवळच्या माळावर दर रविवारी मॉडेल विमाने उडवतो. दिवसभरात विमानांच्या लिथियम बॅटऱ्यांचे, ३एस (तीन सेल ओळीने जोडलेले) २२०० एमएएचचे (मिलि-ॲम्पिअर-अवर) दहा आणि ६एस (सहा सेलचे) ५००० एमएएचचे चार पॅक तिथेच पुन्हा भरावे लागतात. सध्या मोटारीच्या बॅटरीला चिमटे लावून भागवतो. पण काही पॅक झाले की चार्जर 'इनपुट व्होल्टेज कमी' दाखवून थांबतो. एकदा तर गाडी ढकलून सुरू करावी लागली. दुकानदार १५० एएचची (ॲम्पिअर-अवर) इन्व्हर्टरची ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांची लेड-ॲसिड) बॅटरी सुचवतो. घ्यावी का?

उत्तर : गाडीची बॅटरी आधी सोडा. तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. स्टार्टरला दोन-चार सेकंद शेकडो ॲम्पिअर द्यायचे, एवढ्याच कामासाठी ती घडवलेली असते. रोज अर्ध्यापर्यंत उतरवली तर प्लेटांवरचा लेप झडतो आणि काही महिन्यांतच ती बसते.

आता तुमचा हिशेब. ३एस २२०० च्या पॅकमध्ये ११.१ व्होल्ट गुणिले २.२ एएच, म्हणजे सुमारे २४ वॉट-अवर (ऊर्जेचे माप) मावतात. वीस टक्के शिल्लक ठेवून विमान उतरवले तर ८० टक्के भरायचे. चार्जरमध्ये साधारण १५ टक्के वाया जाते, ते धरून बॅटरीतून २३ वॉट-अवर निघतात. ६एस ५००० ला याच रीतीने १०५ लागतात. दहा लहान आणि चार मोठे मिळून ६५० वॉट-अवर झाले. बॅटरी या आकड्यावरून निवडायची, दुकानातल्या एएचच्या पाटीवरून नव्हे.

१५० एएचची ट्यूब्युलर, म्हणजे १२ व्होल्टने १८०० वॉट-अवर. लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणून वापरता येणारे ९०० धरा. त्यातही एएचचा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश उतरवल्यावरचा असतो. दोन ६एस पॅक एकदम ५ ॲम्पिअरने लावले की २५ ॲम्पिअर ओढले जातात आणि हाती कमी येते. तरी भागेल. अडचण वेगळी आहे : वजन पन्नास किलोच्या वर आणि आत पातळ ॲसिड. कच्च्या वाटेवर डिकीत कलंडली तर पत्रा खाईल. घरच्या इन्व्हर्टरचीच काढून न्यावी असे मनात असेल, तर रविवारी करंट गेल्यावर घर अंधारात राहील.

तुमच्या वापराला १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. ८० टक्के वापरली तरी हजार वॉट-अवर मिळतात, वजन बारा किलोच्या आसपास. मोठा फायदा असा, की जवळजवळ शेवटपर्यंत व्होल्टेज तेराच्या आसपास टिकते, त्यामुळे चार्जर मध्येच थांबत नाही. घेताना आतला बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) सलग किती ॲम्पिअर देतो ते विचारा. ५० च्या खाली असेल तर नको. भरायला १४.४ ते १४.६ व्होल्टचा याच बॅटरीचा चार्जर हवा. लेड-ॲसिडच्या चार्जरमधला डिसल्फेशन मोड (प्लेटांवरचे सल्फेट काढणारा) हिला घातक आहे. पावसाळ्यात उडवणे बंद असेल तेव्हा अर्धी भरून ठेवा.

बजेट तेवढे नसेल तर ६५ एएचच्या दोन सीलबंद एसएमएफ (पाणी न घालावे लागणाऱ्या लेड-ॲसिड) बॅटऱ्या पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडा. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या असाव्यात. नवी-जुनी जोडी लावली की जुनी नवीला खाली ओढते. लोड काढून थोडा वेळ थांबून मोजल्यावर १२.२ व्होल्ट दिसले की थांबायचे. घरी आल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावायच्या. आठवडाभर उतरलेल्या राहिल्या तर सल्फेट घट्ट बसते आणि पुढच्या रविवारी क्षमता कमी मिळते.

चांगली बॅटरी घेऊनही वायरमुळे पुन्हा तीच तक्रार येते. दीड मीटर अंतराला १.५ स्क्वेअर एमएमची जोडी लावली तर २५ ॲम्पिअरला जवळपास एक व्होल्ट वायरीतच जातो. ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वापरा; तोटा पाव व्होल्टवर येतो. चिमटे तापतात, त्याऐवजी वायरीच्या टोकाला क्रिंप केलेले (दाबून बसवलेले) रिंग लग, म्हणजे भोकाचे टर्मिनल, बोल्टने कसा. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात ३० ॲम्पिअरचा फ्यूज हवाच. चार्जरचे इनपुट कटऑफ (ज्या व्होल्टेजला तो थांबतो) लेड-ॲसिडला ११.५ आणि लिथियमला १२ व्होल्टवर ठेवा.

प्रश्न : गाडीचे इंजिन चालू ठेवून पॅक भरले तर? (खानापूर)

उत्तर : एक-दोन लहान पॅकना चालेल. सहा-सात तास आयडलवर नको. आयडलला अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही, आणि उभ्या गाडीत त्याला वाराही मिळत नाही.

प्रश्न : शंभर वॉटचे सोलर पॅनेल सोबत नेले तर लहान बॅटरी पुरेल का? (बेळगाव)

उत्तर : कडक उन्हात ७० वॉटच्या आसपास मिळतात. पाच तासांत साडेतीनशे वॉट-अवर, म्हणजे निपाणीकरांच्या गरजेच्या निम्मे. मार्च-एप्रिलमध्ये हे जमेल. पण मध्ये बॅटरीला जुळणारा सोलर चार्ज कंट्रोलर हवा. पॅनेल उन्हात आणि बॅटरी सावलीत ठेवा. विमानातून काढलेला गरम पॅक हाताला गार लागेपर्यंत चार्जिंगला लावू नका.