बातमीत ९० मिमी पाऊस, बाहेर दिवसभर ऊन! हे आकडे खरंच मोजतात का?

तुमचं म्हणणं असं की बातमीत "आज पणजीत ९० मिमी" आलं आणि तुमच्याकडे तर सकाळी नऊपासून कडक ऊन, मग शास्त्रज्ञ कुठे जाऊन मोजतात तरी का ऑफिसात बसून ठोकून देतात. मोजतात हो. घोळ आहे तो वेळेचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस रात्री बाराला सुरूच होत नाही, तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो, आणि त्या २४ तासांचं पाणी ज्या सकाळी मोजलं त्या तारखेवर चढतं. म्हणजे काल रात्री धो धो कोसळला तो सगळा आजच्या नावावर, आणि आज दुपारी ऊन पडलं तरी त्या आकड्याला काही फरक पडत नाही. साडेआठच का, तर ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे ३ वाजलेले असतात, आणि देशभरातली सगळी केंद्रं त्याच एका वेळेला मोजतात म्हणून तर पणजीचा आकडा रत्नागिरीच्या शेजारी ठेवून बघता येतो.

पर्जन्यमापक बघितलाय का कधी? अगदी साधं प्रकरण आहे, वर ठरावीक तोंडाचं फनेल, खाली पाणी साठायला भांडं, सकाळी ते काढायचं आणि खुणा असलेल्या काचेच्या मापात ओतून वाचायचं. १ मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. कठीण आहे ती जागा. आजूबाजूला झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवावा लागतो, आणि आमच्या गोव्यात परसात चारी बाजूंनी माड, तिथे मापक लावला तर पाऊस कमी आणि झावळ्यांवरून गळलेलं पाणी जास्त मोजाल. शिवाय वारा जोराचा असला की थेंब तोंडावरून आडवेच निघून जातात. आता बऱ्याच ठिकाणी आपोआप मोजणारे मापक आहेत, आत छोटी वाटी भरली की उलटते आणि एक नोंद होते, पण पाऊस फारच जोरात असला की वाटी उलटतानाच वरून पाणी पडत राहतं आणि नोंद थोडी कमी येते. हे सगळं शास्त्रज्ञांना माहीत असतं, कुठल्या यंत्राची चूक कुठल्या बाजूला जाते ते धरूनच आकडा वापरतात. उगाच नाही नोंदवहीत पावसाबरोबर यंत्राचा प्रकार आणि जागा पण लिहितात.

आणि मापकाचं तोंड ताटाएवढंही नसतं, त्यावरून अख्ख्या तालुक्याचा पाऊस सांगायचा! पणजीत रिमझिम आणि घाटाच्या पायथ्याशी वाळपईला झोडपून काढलेलं, असं तर दर पावसाळ्यात होतं. मधल्या जागा भरायला रडार आणि उपग्रह वापरतात, पण रडार काही पाणी मोजत नाही, थेंबांवरून परत आलेला सिग्नल मोजतं आणि त्यावरून पावसाचा हिशेब लावतात, तो हिशेब शेवटी जमिनीवरच्या मापकाशी ताडून बघावाच लागतो.

समुद्राचं तर याहून मजेशीर. एमएससीला असताना मी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला, पाण्याचे नमुने घ्यायला बोटीवर गेलेलो. ठरलेल्या खोलीवर बाटली बंद करून पाणी वर आणायचं, मग नळी दुसऱ्या बाटलीच्या तळापर्यंत घालून हळूहळू भरायचं आणि वरून वाहू द्यायचं, एक बुडबुडा जरी राहिला तरी हवेतला ऑक्सिजन मिसळून नमुना वाया. मग त्यात मँगनीजचं मीठ आणि अल्कली घातलेलं आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. ही विंकलरची पद्धत १८८८ ची आहे, आणि नवीन इलेक्ट्रॉनिक सेन्सर बरोबर चाललाय का ते तपासायला आजही हीच वापरतात. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा संपता संपता तळाच्या पाण्याची बाटली पांढरी निघू शकते, कारण पावसाळ्यातल्या वाऱ्यांमुळे खोल समुद्रातलं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं वर बसतं. कधी कधी तर सडक्या अंड्यासारखा वास येतो.

पण एका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही. दोना पावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कांदोळीसमोरच्या समुद्रात नव्वदच्या दशकापासून पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन मोजतेय, तेव्हा कुठे यंदाचं जरा जास्तच आहे की दरवर्षीचंच आहे हे कळतं. पावसाचंही तसंच, देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस ८७ सेमी धरतात तो १९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या नोंदींवरून, आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के झाला तर नॉर्मल म्हणतात. मला विचाराल तर या सगळ्यात सगळ्यात किमती माणूस म्हणजे भर पावसात छत्री सांभाळत साडेआठला मापकापाशी जाणारा, पेपरात त्याचं नाव कधी येत नाही ते सोडा.

राहिलं तुमच्या फोनवरचं ॲप. त्यात दिसणारा पाऊस बहुतेक वेळा मॉडेलने काढलेला असतो, तुमच्या वाड्यावर कोणी मोजलेला नसतो. वेधशाळेशी जुळला नाही तर आधी तारीख आणि साडेआठचं गणित बघा, तरीही जुळत नसेल तर वेधशाळेचाच धरा.