लेवीयवर अडलेल्या सिस्टर

‘रोज बायबल वाचायचं ठरवते, महिनाभर जमतं, मग सुटतं. आणि सुटलं की वाटतं, आपला विश्वासच कच्चा.’ हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कुठल्या रूपात येईल, एवढीच उत्सुकता असते. सरळ हीच तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. झोप नाही, चिडचिड होते, डोकं दुखतं असं काहीतरी पुढे असतं आणि हे मागून येतं. पुण्यातल्याच एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय.

मार्चचा दुसरा आठवडा. नाइट ड्यूटी संपवून त्या थेट कॅम्पातल्या माझ्या खोलीवर आल्या होत्या. स्टाफ नर्स, वय सेहेचाळीस, राहायला वडगाव शेरीला. “आडवं पडलं की छातीत धडधडतं, ताई. डोळा लागलाच तर दचकून उठते.” मुलगा दहावीला आणि पेपर चालू. मला वाटलं, झालं, हेच कारण. पंधरा-वीस मिनिटं मी त्याच अंगाने विचारत राहिले. त्या बिचाऱ्या सभ्यपणे उत्तरं देत राहिल्या.

मग त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि तो उलटा करून मांडीवर ठेवला. मुलाचा मेसेज असेल म्हणून मी विचारलं. “नाही, चर्चच्या मंडळीतल्या बायकांचा ग्रुप आहे,” म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

एक जानेवारीला ग्रुप सुरू झाला होता. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, म्हणजे बायबलचे ११८९ अध्याय वर्षात बसतात. वाचून झालं की हिरवी बरोबरची खूण टाकायची. खाली कोणीतरी ‘आमेन’ लिहिणार. महिनाअखेरीला पूर्ण हजेरीवाल्यांची नावं. जानेवारीत सिस्टरांचं नाव त्यात होतं. बायबलची पहिली दोन पुस्तकं, उत्पत्तीचे पन्नास अध्याय, निर्गमचे चाळीस, गोष्ट पुढे सरकत असते, दमलेला माणूसही वाचतो. नव्वद अध्याय संपतात ते जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि समोर येतं लेवीय, नियमांचं तिसरं पुस्तक. होमार्पण, अन्नार्पण, कुठली चरबी जाळायची, कुठला प्राणी खायचा नाही. वर्षभराचे संकल्प बहुतेक इथेच गार पडतात, हे मी माझ्या घरातही पाहिलंय. सिस्टर अकराव्या अध्यायावर अडल्या. त्यात सासूबाई घसरून पडल्या, ड्यूटी बदलली. एका पहाटे वॉर्डातल्या लिननच्या खोलीत उभ्या उभ्या त्यांनी न वाचताच खूण टाकली. रात्री वाचू, असं ठरवून.

“ती रात्र आलीच नाही,” त्या म्हणाल्या. सहा आठवडे रोज खोटी खूण. ग्रुप चार पुस्तकं पुढे, शास्तेपर्यंत पोचला होता, या लेवीय अकरावर.

“आणि मुलाची परीक्षा?” मी विचारलं. आता हा प्रश्न बरोबर जागी लागला. देवाच्या नावाने रोज खोटं बोलतेय, त्याचं माप मुलाच्या पदरात पडेल, ही भीती. गणिताच्या पेपरला त्याला सेंटरवर सोडलं, गेटबाहेर उभं राहून खूण टाकली आणि तिथेच हात कापायला लागले.

ही भीती फक्त ख्रिस्ती घरातली नाही बरं. गुरुचरित्राचं पारायण पाचव्या दिवशी खंडित झालं आणि त्याच महिन्यात यजमानांची नोकरी गेली, म्हणून वर्षभर स्वतःला दोष देणाऱ्या एक काकूही याच खुर्चीत बसून गेल्यात. देव हजेरीपुस्तक उघडून बसलाय, हे चित्र डोक्यात बसलं की ग्रंथ कुठला हे फारसं महत्त्वाचं उरत नाही.

अशा वेळी एक गोष्ट मी आधी तपासून घेते. काही जण एकच वचन दहा-दहा वेळा वाचतात. मन जरा हललं की ‘बाद’ धरून पहिल्यापासून सुरुवात. घाण विचार मनात येतील म्हणून पुस्तक उघडायलाच घाबरतात. तो धार्मिक रूपातला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असू शकतो, त्याला मानसोपचारतज्ज्ञच लागतात. ‘जास्त प्रार्थना करा’ म्हटलं तर तो वाढतो. सिस्टरांचं तसं नव्हतं. धडधडीसाठी मात्र रक्त तपासून घ्या म्हटलं. दुसऱ्यांचं रक्त काढण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे मी सांगायचं! हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. म्हणजे निम्मी धडधड तिथली होती.

पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं, “देव माफ करील ना?” ते सांगणं माझं काम नाही, तुमच्या चर्चच्या पाळकांशी बोला, म्हटलं. मी त्यांना स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका तरुण पाळकाची गोष्ट सांगितली. रॉबर्ट मरे मॅकशेन. १८४२ मध्ये त्याने आपल्या मंडळीसाठी वर्षाचं वाचन आखून दिलं. जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. अजूनही जगभर लोक ते वापरतात. पण त्यानेच त्या तक्त्यासोबत धोके लिहून दिले होते: वाचन नुसता रिवाज होईल, पूर्ण केल्याचा गर्व चढेल, भरभर उरकलं जाईल, कोणाला ते न पेलणारं जू वाटेल. सिस्टर म्हणाल्या, “आमचा ग्रुप चालवणाऱ्या काकूंनी फक्त तक्ता पाठवला.”

मग त्यांना आजी आठवली, नगरकडची. आजीला अक्षरओळख नव्हती. रविवारी उपासनेत ऐकलेलं एक वचन ती आठवडाभर जात्यावर, चुलीपाशी पुटपुटायची, पुढच्या रविवारी दुसरं. मी विचारलं, “आजी ग्रुपवर असती तर तिच्या किती खुणा झाल्या असत्या?” त्या पहिल्यांदा हसल्या.

दोन आठवड्यांसाठी एवढंच ठरवलं. खूण टाकायची नाही. वाचायचं तेवढं वाचायचं, अर्धा अध्याय चालेल. आणि वहीत एक ओळ, वाचताना काय दिसलं त्याची. काही दिसलं नाही तर ‘काही नाही’ लिहायचं, पण खरं लिहायचं.

वही औषध कंपनीची फुकट मिळालेली होती. पहिले चार दिवस: काही नाही. काही नाही. झोप आली. काही नाही. पाचव्या दिवशी लेवीय तेरा, याजकाने म्हणजे पुरोहिताने कातडीचे चट्टे कसे तपासायचे तो अध्याय, आणि अक्षर एकदम बारीक झालेलं, जागा पुरेना म्हणून. ‘चट्टा कातडीपेक्षा खोल आहे का बघतात. केस पांढरे झाले का बघतात. शंका असली तर सात दिवस वेगळं ठेवतात. परत तपासणी. परत सात दिवस. कपड्यांची पण तपासणी, वाढत असेल तर जाळायचे. हा सगळा कुष्ठरोग नाही, दोन आठवड्यांत बरा होत नसतो.’ खाली अधोरेखित: ‘याजक म्हणजे आमचा आयसोलेशन वॉर्ड!’

ज्या पानांवर सगळे पेंगतात, ती पानं त्यांनी नोंदी तपासाव्यात तशी वाचली होती. मग कोणी न सांगता त्या नव्या करारातल्या मार्कच्या पहिल्या अध्यायावर गेल्या. तिथे महारोगी येशूपुढे गुडघे टेकतो. येशू आधी हात लावतो, मग बरं करतो. “लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे, ताई. पण छावणीबाहेर राहायचं, लोकांना ओरडून ‘अशुद्ध’ म्हणून सांगायचं, हे आधी वाचलं ना, मग तो हात कळला. त्याला किती दिवसांत कोणी शिवलं नसेल.” आमच्यात ‘वचन उलगडलं’ म्हणतात. मी संडे स्कूलपासून तो शब्द ऐकत आलेय आणि जरा सावधच असते, कारण माणसं तो फार सहज वापरतात. त्या दिवशी शंका आली नाही.

विश्वास वाढला का, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. धडधड कमी झाली, त्यात लोहाच्या गोळ्यांचाही हात आहे. खोट्या खुणांचं त्यांनी ग्रुपवर नाही, काकूंच्या घरी जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, काकू पाठीवरून हात फिरवतील. काकू दुखावल्या. दोन रविवार धड बोलल्या नाहीत. सिस्टर ग्रुपमधून बाहेर पडल्या नाहीत, खूणही टाकत नाहीत. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात वाचन होतच नाही, आणि तसं वहीत लिहिलेलं असतं. लेवीयनंतरच्या गणना या पुस्तकातल्या याद्यांना त्यांनी सरळ हात जोडले आणि रूथ वाचायला घेतलं.

शेवटच्या भेटीला रिपोर्ट घेऊन आल्या, हिमोग्लोबिन अकरा. निघताना दारात थांबून म्हणाल्या, “लेवीय चौदामध्ये बरा झालेल्याला बघायला याजक स्वतः छावणीबाहेर जातो. पेशंटला आत बोलावत नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का, ताई?”

“मी चौदावा कधी वाचलेलाच नाही,” मी म्हटलं.