‘द डे ऑफ द जॅकल’ काहींना अफाट आवडते, काहींना रटाळ वाटते. असं का? वाचावी का?

तुम्ही लिहिलंय, एक जण म्हणतो असली कादंबरी परत झाली नाही, दुसरा म्हणतो पन्नास पानांत झोप लागली, आता ऐकायचं कुणाचं. आमच्याकडं माझी एकच प्रत पाच जणांच्या हातांतून फिरली आणि पाच तऱ्हा झाल्या. बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांतले परिसंवाद ऐकत वाढलेली माणसं आम्ही, पुस्तक वाचून गप्प बसणं जमत नाही. त्या पाचांची हकिकत सांगतो, तुम्ही त्यात कुठं बसता ते बघा.

आधी गोष्ट, थोडक्यात. १९६२ साली फ्रान्सनं अल्जीरिया ही आपली वसाहत सोडली. सोडू नये म्हणून हत्यार उचललेल्या ओएएस या गुप्त संघटनेनं राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या जिवावर उठायचं ठरवलं. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसच्या वेशीवर पेती-क्लामार इथं त्यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला, तरी ते वाचले. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून देहदंड दिला. इथपर्यंत इतिहास. पुढची गोष्ट कादंबरीचा इंग्रज लेखक फ्रेडरिक फोर्साइथ यानं रचलेली: संघटनेत जागोजागी सरकारचे खबरे शिरलेत, म्हणून तिचे तीन म्होरके बाहेरचा, कुणाच्याच वहीत नसलेला एक इंग्रज मारेकरी पाच लाख डॉलरला ठरवतात. तो जॅकल.

आमच्यातला सगळ्यात लहान गडी चोवीस वर्षांचा. याच नावाची २०२४ ची मालिका बघून पुस्तकाकडं वळलेला. साठाव्या पानावर त्यानं प्रत परत आणून दिली. म्हणाला, “द गॉल मरत नाही हे मोबाइलवर दिसतंय की. मग एवढी पानं कशाला वाचू?” गंमत म्हणजे प्रकाशकांनी हीच तक्रार केली होती. १९७० च्या सुरुवातीला फोर्साइथनं पस्तीस दिवसांत हे हस्तलिखित पुरं केलं तेव्हा द गॉल धडधाकट होते. जो माणूस जिवंत आहे त्याला मारायच्या कटात वाचकाला काय रस, असं म्हणून ते परत आलं. द गॉल त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या घरी वारले, आणि कादंबरी १९७१ मध्ये आली.

पोराला मी आग्र्याची आठवण करून दिली. महाराज सुटतात हे आपल्याला शेंबडे असल्यापासून माहीत असतं. तरी पेटारे बाहेर निघायला लागले, पहारेकरी झाकण उघडून बघायला लागले, की दर वेळी आपला श्वास अडकतो. पोरगा म्हणाला, “ते वेगळं वो.” काय वेगळं ते त्याला सांगता आलं नाही. खरं त्याची दुसरी तक्रार मला मान्य आहे. पहिल्या भागात फ्रेंच पोलीस, हेरखातं, त्यांच्या शाखा, त्यांची आद्याक्षरं यांचा नुसता मारा आहे. मीसुद्धा तिथं पानं चाळली.

आता माझं सांगतो, कारण मला ही कादंबरी का लागली हे माझ्या धंद्यात आहे. खानापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, पोट चालतंय ते फॉर्म भरून द्यायच्या कामावर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पासपोर्ट. आमच्या सीमाभागात माणूस घरात मराठी, सरकारी कागदावर कन्नड आणि आधारवर इंग्रजी. एका लिपीतून दुसरीत जाताना नाव कुठंतरी खरचटतंच. शाळेच्या दाखल्यावर ज्योतिबा, रेशन कार्डावर जोतिबा, आधारवर जोथिबा. मग स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट करायचं, की ही तिन्ही नावं एकाच इसमाची असून सदर इसम मीच आहे.

मागच्या पावसाळ्यात एक आजोबा नातवाच्या पासपोर्टसाठी यायचे. पोराला दुबईला काम मिळालेलं, आणि जन्मदाखल्यावर बापाच्या नावातलं एक अक्षर गळलेलं. दर वेळी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढायचे, गुडघ्यावर ठेवून तळहातानं सपाट करायचे आणि मग माझ्याकडं द्यायचे. चौथ्या फेरीला म्हणाले, “बाळा, पोरगं समोर उभा हाय, त्याला बघून लिवत न्हाईत काय रं हे?”

त्याच रात्री मी जॅकलचं ते प्रकरण वाचलं. तो इंग्लंडातल्या खेड्यांतून दफनभूम्या हिंडतो. आपल्याच वयाचा झाला असता असा, लहानपणी गेलेला एक मुलगा शोधून काढतो. अलेक्झांडर डग्गन, गेला तेव्हा अडीच वर्षांचा. त्याच्या आईबापांची माहिती काढतो, रीतसर फी भरून जन्मदाखल्याची नक्कल घेतो आणि तिच्यावर पासपोर्ट मागवतो. मिळतो. कारण जन्माची वही आणि मृत्यूची वही शेजारी ठेवून कुणी बघतच नाही. मी अंथरुणात उठून बसलो. आमच्याकडं जिवंत माणसाला स्वतःचा कागद काढताना घाम फुटतोय, आणि हा गडी मेलेल्या पोराच्या नावानं साहेबी थाटात पासपोर्ट घेऊन मोकळा! पुढं लेबेल नावाचा पॅरिसचा साधा, बायकोला वचकून असणारा पोलीस अधिकारी तपासाला लागतो, लंडनच्या पोलिसांना फोन करतो, आणि तिथली माणसं तीच दोन दफ्तरं जुळवत बसतात. ना पाठलाग, ना गोळीबार. पासपोर्टचे अर्ज आणि मृत्यूचे दाखले. माझ्यासाठी अख्ख्या कादंबरीतला सगळ्यात थरारक भाग तोच. खऱ्या ब्रिटनमध्येसुद्धा ही फट पुस्तक आल्यावर कैक वर्षं तशीच राहिली, आणि असल्या लबाडीला तिकडं या पुस्तकाचंच नाव पडलं.

तिसरा वाचक माझा शाळेतला दोस्त, बेळगावात उद्यमबागेत लेथवर आहे. त्याचं इंग्रजी यथातथाच, म्हणून त्यानं मधलीच पानं वाचली, खरं ती तीनदा. ब्रुसेल्सचा एक कारागीर जॅकलसाठी खास बंदूक बनवतो, ती सुटी होऊन नळ्यांत मावली पाहिजे. नळ्या ॲल्युमिनियमच्या करायच्या होत्या. त्या दबतात म्हणून कारागीर त्या स्टेनलेस स्टीलच्या करतो आणि तसं गिऱ्हाइकाला सांगतो. दोस्त खूश. “बघ, ह्यानं जॉब केलेला हाय. न केलेला माणूस ॲल्युमिनियमच लिवला असता.” फोर्साइथनं लेथ चालवला नव्हता, तो बातमीदार होता, वृत्तसंस्थेसाठी त्याच काळात पॅरिसमध्ये राहून त्यानं द गॉल यांच्या मागं असलेला बंदोबस्त डोळ्यांनी बघितला होता. हे सांगितलं तर दोस्ताचा विश्वास बसेना.

अक्का आमच्या गटातल्या एकट्या बाई, मराठी शाळेतून निवृत्त. त्यांनी शेवटपर्यंत वाचली, एका बैठकीत म्हणे, आणि मग ठेवणीतलं वाक्य टाकलं: “यात बाई आली की समजायचं, एक तर तिचा देह कुणाच्या तरी कामाला येणार, नाही तर मुडदा पडणार.” याला माझ्याकडं उत्तर नाही. एक बाई मंत्रालयातल्या बातम्या काढण्यासाठी म्हाताऱ्या अधिकाऱ्याच्या गळ्यात, दुसरी जॅकलला आसरा देऊन पस्तावते. दोघींना जॅकलच्या बंदुकीएवढीही पानं मिळालेली नाहीत. जॅकलसुद्धा आतून कोरा आहे, तो का मारतो हे शेवटपर्यंत कळत नाही. अक्कांना हा दोष वाटतो. मला वाटतं तो कोराच हवा होता.

पाचवे अण्णा. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आठवडाभर आत जाऊन आलेले. त्यांना खुपलं ते कोवाल्स्कीचं प्रकरण. संघटनेच्या या दांडगट अंगरक्षकाला, तुझ्या मुलीला रक्ताचा कर्करोग झालाय, असं खोटं कळवून सरकारी माणसं फ्रान्सला ओढून आणतात आणि विजेचे झटके देऊन बोलतं करतात. “लेखक तिथं थांबतच नाही वो,” अण्णा म्हणाले. “नाव मिळालं, पान उलटलं.” मी तो भाग तपासाचा दुवा म्हणून भराभर वाचून गेलो होतो. अण्णांनी सांगितल्यावर परत वाचला, तेव्हा जड गेला.

याच बैठकीत भांडणही झालं. जून १९५८ मध्ये अल्जिअर्सच्या गर्दीसमोर द गॉल म्हणाले होते, “तुमचं म्हणणं मला समजलं.” तिथल्या फ्रेंच वसाहतवाल्यांनी आपापल्या परीनं अर्थ लावला, आणि चार वर्षांत अल्जीरिया स्वतंत्र झाला. मी हे सांगतोय तोवर चोवीसवाला बोलून गेला, “आपल्याकडं पण तेच की. सीमाप्रश्नावर १९५६ पासून जो येतो तो समजलं म्हणतो आणि जातो.” अण्णांचा पारा चढला. ते लोक दुसऱ्याच्या भूमीवर बसलेले, आम्ही आमच्या घरात. त्यांनी बाँब लावले, आम्ही सत्याग्रह केला. एका तागडीत घालू नकोस. चहा गार झाला. अण्णांचं बरोबर आहे, ही तुलना टिकत नाही. खरं पोराच्या बोलण्यातून मला एक उलगडलं. फसवलं गेल्याचा राग माणसाला कुठवर नेतो, हे बघायला जो हे पुस्तक उघडतो त्याची निराशा होते. तो राग फोर्साइथ थोड्या पानांत उरकतो आणि कामाला लागतो. राजकीय कादंबरी म्हणून हातात घ्याल तर राजकारण पातळ लागेल.

तेव्हा तुम्हाला माणसं हवी असतील तर अक्कांचं ऐका. एखादं काम पायरी-पायरीनं, कागदानं, हत्यारानं, निगुतीनं कसं होतं हे बघायला आवडत असेल तर वाचा. सुरुवातीची आद्याक्षरं लक्षात ठेवू नका, काही बिघडत नाही. दफनभूमीपर्यंत या. तिथं तुमचा हात पान उलटायला थांबला नाही तर शेवटपर्यंत जाल. तिथंही जांभई आली तर खुशाल बंद करा, पुढं तसंच आहे.

इकडं खानापूर-बेळगावकडं आलात तर माझी प्रत घेऊन जा. सध्या ती परत उद्यमबागेत आहे. बंदुकीच्या पानांवर ग्रीसचे अंगठे उठलेत, तेवढं चालवून घ्यावं लागेल.