रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका (लांबलचक उत्तर आहे, सवडीने वाचा)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मुलगा साडेपाच वर्षांचा, बोलणं वयाच्या मानाने कमी, वर्गात एका जागी बसत नाही, शाळा म्हणते असेसमेंट (म्हणजे मुलाच्या विकासाची तज्ज्ञांकडून तपासणी) करून आणा, असेसमेंटची तारीख मिळाली तीही पुढच्या काही महिन्यांनंतरची, आणि मदत केंद्राने "पालकांचं ट्रेनिंग रिपोर्ट आल्यावरच" असं सांगून फोन ठेवला. तोवर काय करायचं, आणि हे पालकांचं ट्रेनिंग म्हणजे नक्की असतं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय की "आपण शिकून काय होणार, ते तज्ज्ञांचं काम". त्या ओळीसाठीच हे लिहितोय खरं तर.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही की थेरपिस्ट नाही, एका मुलीचा बाप आहे. मुलगी आता मोठ्या वर्गात आहे, तिचं तिचं बरं चाललंय. प्रत्येक मूल वेगळं असतं, त्यामुळे आमचं झालं तसंच तुमचं होईल असं काही नाही. कानांची तपासणी, डोळ्यांची तपासणी, बाईंशी बोलणं वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही.

"रिपोर्ट आल्यावरच" हे वाक्य आम्हीही ऐकलंय. केंद्राचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. आमच्या वेळी झालं असं की आधी रिपोर्टसाठी थांबलो, आणि रिपोर्ट आला तर त्यात लिहिलेलं "तूर्तास निश्चित निदान करता येत नाही, काही काळाने पुनर्मूल्यांकन करावे". हे लहान मुलांच्या बाबतीत होतं बऱ्याचदा, त्यात डॉक्टरांची चूक नाही, उलट घाईने शिक्का मारला नाही हे बरंच केलं त्यांनी. पण केंद्राच्या फॉर्मवर "निदान" असा रकाना होता आणि तो रिकामा असला की फॉर्म पुढे सरकत नाही. खिडकीवरच्या बाई अगदी गोड बोलायच्या, "मला कळतंय हो तुमचं, पण सिस्टीम घेतच नाही ना". कोणी उद्धटपणे बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. मग पुनर्मूल्यांकनाची वाट बघा, ते होईस्तोवर पहिला रिपोर्ट जुना झाला म्हणून नवीन आणा, असं ते रहाटगाडगं. शेवटी बायकोने वैतागून मेल टाकला की हा नियम कुठे लिहिलाय ते आम्हाला लेखी कळवा. उत्तर काय आलं माहितीये? "निदान नसल्यास त्या रकान्यात 'विकासातील विलंब' असे लिहावे." म्हणजे पहिल्याच दिवशी तो रकाना भरता आला असता! ते दोन शब्द आम्हाला खिडकीवर कोणी सांगितले नाहीत, कारण खिडकीवर कोणाला माहीतच नव्हते. मुलगी अगदी शिकायच्या वयात होती आणि आम्ही फाईल घेऊन बसलो होतो, हे अजूनही आठवलं की डोकं तापतं.

आणि जास्त राग याचा येतो की थांबायला कारणच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा जो कार्यक्रम आहे (केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग, सीएसटी म्हणतात त्याला) तो 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे आणि त्याला निदानाची अटच नाही, विकासात उशीर किंवा अडचण दिसते एवढं पुरतं. 9 गट सेशन आणि 3 वेळा घरी भेट, असा त्याचा साचा. तो चालवायला मोठे स्पेशालिस्टच लागतात असंही नाही, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं चालवू शकतील असाच तो बनवलाय. 2022 पासून त्याचं ऑनलाईन रूपही फुकट आहे. तुमचा मुलगा त्या वयात बसतो, सुरुवात तिथून करा. इंग्रजी अडलं तर कोणाला तरी शेजारी बसवा.

निदान का लागत नाही याचं कारण साधं आहे. पालकांना जे शिकवतात त्यातलं बरंचसं नाव काहीही निघालं तरी तेच राहतं. मूल कुठे बघतंय ते बघायचं, आपण बोलायच्या आधी थांबायचं, एक मोठं काम बारीक बारीक पायऱ्यांत तोडायचं, चिडचिड झाली की त्याच्या आधी काय घडलं ते शोधायचं. उद्या रिपोर्टमध्ये ऑटिझम येवो, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) येवो नाहीतर नुसता भाषेतला उशीर येवो, यातलं काहीच फुकट जाणार नाही. पुढचं खास खास त्या त्या निदानानुसार शिकाल की.

"तज्ज्ञांचं काम" याबद्दल. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचं गाव आहे, तिथे 1969 मध्ये एक योजना सुरू झाली. भाग ग्रामीण, घरं लांब लांब, लहान मुलांना रोज केंद्रावर आणणं शक्य नाही. मग त्यांनी उलटं केलं, आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी जायची आणि आईवडिलांना पुढच्या आठवड्यात काय करायचं ते करून दाखवायची, मधले दिवस शिकवणारे आईवडीलच. ती पद्धत पुढे कितीतरी देशांत गेली. म्हणजे पालकाने शिकायचं हे काही नवीन फॅड नाही. थेरपिस्ट आठवड्यातून तासभर भेटणार, बाकी सगळा वेळ मूल तुमच्याजवळ आहे. साधा हिशोब आहे.

आता कुठलं ट्रेनिंग चांगलं. हे माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडून द्या. ज्यात तुम्हाला तुमच्या मुलासोबत कोणी बघत नाही ते ट्रेनिंग नाही, ते भाषण. आम्ही त्या केंद्रात अखेर पोचलो तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पडद्यावर अपंगत्वाचे प्रकार आणि व्याख्या, एक मॅडम स्लाईडवरचंच वाचून दाखवतायत, "पालकांनी सकारात्मक राहावे", मग हजेरीपटावर सह्या, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. मागच्या रांगेत एक बाई हळूच विचारत होत्या, "पण तो डोकं आपटतो तेव्हा मी नेमकं काय करू?" ते वेळेअभावी राहिलं.

याउलट पुढे एका स्पीच थेरपिस्टने आमचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला, मी आणि मुलगी ठोकळे खेळतोय. मग माझ्यासोबत बसून तो थांबवत थांबवत दाखवला. मुलीने लाल ठोकळा उचलला, मी लगेच "हा कुठला रंग?" ती खिडकीकडे बघतेय, मी "इकडे बघ, किती झाले?" मग एका जागी त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि म्हणाल्या, इथे बघा. मुलीने ठोकळा हातात धरून माझ्याकडे वर बघितलं होतं, अगदी क्षणभर, आणि मी तेव्हा डब्यातला पुढचा ठोकळा शोधत होतो. "ती आत्ता तुम्हाला काहीतरी दाखवत होती," एवढंच बोलल्या. त्या हॉलमधल्या सगळ्या स्लाईड एकीकडे आणि ती एक फ्रेम एकीकडे. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारणं कमी केलं, नुसतं शेजारी बसून ती जे करतेय ते करायला लागलो आणि मनात पाच-सहा आकडे मोजून मगच बोलायचं असं ठरवलं. थांबणं फार अवघड जातं हो, विशेषतः आपल्यासारख्या बडबड्या लोकांना.

या व्हिडिओ पद्धतीवर इंग्लंडमध्ये चांगला अभ्यास झालाय, पॅक्ट नावाने. ऑटिझम असलेली 152 लहान मुलं होती. 2010 मध्ये पहिले निकाल आले तेव्हा पालक आणि मूल यांच्यातला संवाद स्पष्ट सुधारलेला दिसला, पण ऑटिझमच्या लक्षणांत फार फरक दिसला नाही. मग काही वर्षांनी त्याच मुलांना परत तपासलं, 2016 मध्ये ते छापून आलं, तेव्हा ट्रेनिंग मिळालेल्या गटात लक्षणांची तीव्रता कमी होती. सगळंच सुधारलं असं नाही, चिंता वगैरे बाबतीत फरक नव्हता. म्हणजे चमत्कार नाही, पण काम करतं आणि हळू करतं. महिन्याभरात रिझल्ट दाखवतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

तेव्हा केंद्राला मेल कराल तेव्हा हेच विचारा, की सेशनला मूल सोबत असतं का, आम्ही करताना कोणी बघून सांगतं का, आणि पुढच्या भेटीत घरी काय जमलं-नाही जमलं याची चौकशी होते का. तिन्हीला "नाही" आलं तर जा, सर्टिफिकेट घ्या, पण भरवसा ठेवू नका. आणि जमलं तर दोघांनी जा. आमच्याकडे आधी बायको एकटी जायची आणि घरी येऊन मला शिकवायची, म्हणजे तिला डबल काम आणि वर माझे शहाणपणाचे प्रश्न.

तोवर घरी एक गोष्ट आजपासून करता येईल. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. मत लिहायचं नाही, "हट्टीपणा केला" असं नाही, "वही फेकली" असं. आमची मुलगी अभ्यासाला बसली की वह्या फेकायची आणि आम्हाला वाटायचं अभ्यासाचा कंटाळा. काही आठवड्यांच्या नोंदी बघितल्यावर लक्षात आलं की वाचायचं असेल तेव्हा ती मुळीच फेकत नाही, बघून उतरवून घ्यायचं असेल तेव्हाच फेकते. मग बाईंना "तिच्याकडे जरा लक्ष द्या" असं मोघम न सांगता "फळ्यावरचं छापील कागदावर द्याल का" असं नेमकं सांगता आलं आणि ते त्यांनी लगेच केलं. शाळा मदत करत नाहीत अशी आपली तक्रार असते, ती खरीही असते, पण पुष्कळदा बाईंना नक्की काय करायचं तेच कळत नसतं.

बोलणं कमी आहे म्हणून आणखी दोन-तीन गोष्टी, विषय सोडून वाटलं तरी. कोणीतरी सांगेल हवं ते दाखवायला मुलाला चित्रांची कार्डं देऊ नका, मूल बोलायचं बंद होईल. असं होत नाही, यावर झालेल्या अभ्यासांत कार्डांमुळे बोलणं कमी झाल्याचं दिसलेलं नाही, काही मुलांचं तर वाढतं. दुसरं कोणीतरी सांगेल घरची भाषा सोडा, शाळेची एकच भाषा बोला. आम्हाला एका मोठ्या माणसाने सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. ज्या भाषेत तुम्ही मनापासून रागावता, लाडावता, ती काढून घेतली तर मुलाशी बोलणार कशात? दोन भाषा ऐकल्याने अशा मुलांचं नुकसान होतं असं अभ्यासांतही दिसत नाही. आणि तिसरं, कोणी मुलाचा हात धरून टाईप करून "बघा तो किती सुंदर लिहितो" दाखवलं तर तिथून निघा. त्याची तपासणी नव्वदच्या दशकातच झाली आहे, शब्द हात धरणाऱ्याचे निघाले.

पालकांचे ग्रुप जरूर जॉइन करा, मला तर अर्ध्याहून जास्त कामाची माहिती तिथूनच मिळाली, पण थेंब, पावडर, डाएट विकणारेही तिथेच बसलेले असतात. आणि स्वतःची झोप सांभाळा. हे मी उगाच गोड बोलायचं म्हणून लिहीत नाहीये, वर सांगितलेल्या त्या सीएसटीमध्येही पालकांच्या स्वतःच्या तब्येतीवर वेगळा भाग आहे, कारण थकलेल्या माणसाला ते पाच-सहा आकडे मोजता येत नाहीत.

तर ताई, असेसमेंटची तारीख सोडू नका, रिपोर्ट लागतोच, शाळेत सवलती मागायला तर हमखास लागतो. फक्त त्याच्यासाठी बाकीचं अडवून ठेवू नका. केंद्राला फोन नको, मेल टाका, आणि निदान नसेल तर रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न सरळ शब्दांत विचारा. काय उत्तर येतं ते इथेच टाका, मेलचा मसुदा लागला तर बायकोने लिहिलेला अजून ठेवलाय, नावं काढून देतो.