अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल' हा अल्बम एवढा थोर का मानतात? मला त्यात गिटारपेक्षा लोकांचा ओरडाच जास्त ऐकू आला.

तो ओरडा किंगने स्वतः मागून घेतलाय. पहिलं गाणं 'एव्हरी डे आय हॅव द ब्लूज' संपल्यावर तो काय बोलतो ते एकदा नीट ऐका. आता आम्ही थोडी जुनी गाणी काढतो, त्यातलं एखादं ओळखीचं निघालं तर आवाज करून कळवा, असं तो सांगतो. मग 'स्वीट लिटल एंजल'ची गिटार सुरू होते आणि दोन-चार सुरांतच अख्खं थिएटर किंचाळतं. गाण्याचा एक शब्दही अजून आलेला नसतो. नुसत्या गिटारवरून लोकांनी चीज ओळखलेली असते! आपल्याकडच्या बैठकीच्या रेकॉर्डिंगमध्ये 'क्या बात है' ऐकू आलं तर ते काढून टाका असं कुणी म्हणत नाही. इथेही ती दाद गाण्याचाच भाग आहे.

आणि दाद देणारे कोण होते? हे रेकॉर्डिंग 21 नोव्हेंबर 1964 चं, शिकागोच्या साउथ साइडमधल्या रीगल थिएटरचं. कामधंद्यासाठी मिसिसिपी आणि आसपासच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून शिकागोला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वस्ती. किंगही मिसिसिपीचाच, कापसाच्या शेतात राबलेला. गोऱ्या रॉक श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं ते यानंतर काही वर्षांनी. रीगलमधली मंडळी त्याची गाणी आधीपासून ऐकत आलेली, घरची माणसं.

'हाउ ब्लू कॅन यू गेट' हेडफोन लावून ऐका. प्रियकर आपली गाऱ्हाणी मोजतोय. फोर्ड घेऊन दिली तर तिला कॅडिलॅक हवी, दहा डॉलरचं जेवण घातलं तर ती त्याला नाश्ता म्हणते. प्रत्येक ओळीला वाद्यं एक ठोका देऊन गप्प होतात, गायकाला मैदान मोकळं. शेवटी 'तुला सात मुलं दिली, तर आता तू ती परत करायला निघालीस' अशी ओळ येते आणि बायकांचा जो कल्ला उठतो, तो मी कितीतरी वेळा ऐकलाय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. त्या कल्लोळातही किंग घाई करत नाही, तो ओसरेपर्यंत आवाज चढा धरून राहतो.

आता गिटारबद्दल. मी गिटार शिकत असताना हा अल्बम पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझीही तक्रार तुमच्यासारखीच होती की सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे तुकडे, फार छोटे आहेत. मग 'स्वीट लिटल एंजल'ची सुरुवात वाजवायला घेतली. सूर मोजकेच, आठवडाभरात हाताखाली आले. पण तो आवाज काही निघेना. किंग सुरावर बोट टेकवून मनगट असं थरथरवतो की बाकीची बोटं पंखासारखी फडफडतात. त्याच्या आईच्या नात्यातला भाऊ, ब्लूज गायक बुका व्हाइट, स्लाइड वाजवायचा, म्हणजे तारांवर नळी सरकवून सूर काढायचा. ती किंगला जमली नाही, म्हणून नुसत्या बोटाने तसा सूर काढायचा प्रयत्न करता करता हे आंदोलन त्याच्या हातात आलं. शिवाय गाताना तो वाजवत नाही. ओळ गातो, थांबतो, मग गिटार तिला उत्तर देते. म्हणून सोलोची मिनिटं मोजून हा अल्बम जोखू नका, गळा कुठे थांबला आणि गिटारने वाक्य कसं पुरं केलं ते ऐका.

तरीही गिटारच जास्त हवी असेल तर 'वरी, वरी' ऐका, सहा मिनिटांहून मोठं आहे आणि सुरुवातीला बराच वेळ गिटारच बोलते. किंवा सरळ 'लाइव्ह इन कुक काउंटी जेल'कडे वळा. तो 1970 मध्ये तुरुंगात रेकॉर्ड केलेला. सुरुवातीला शेरीफचं नाव पुकारलं जातं आणि कैदी हुर्यो उडवतात, तिथूनच हवा वेगळी. गाणी संथ, गिटारला ऐसपैस जागा. अनेकांना तोच उजवा वाटतो, आणि गिटारपुरतं बोलायचं तर मलाही ते पटतं.

खुद्द किंगने आत्मचरित्रात म्हटलंय की रीगलपेक्षा सरस कार्यक्रम आपण शेकड्याने केलेत. ते खरंच असणार, वर्षाचे बहुतेक दिवस तो दौऱ्यावर असायचा. पण म्हणून माझ्या लेखी या अल्बमची किंमत कमी होत नाही. त्या शेकडो रात्रींना काय होत असेल, ते 1964 सालच्या त्याच्या आपल्या माणसांसकट इथे ऐकायला मिळतं. रीगलची इमारत 1973 मध्ये पाडली गेली.

सुटी गाणी निवडून ऐकत असाल तर तसं करू नका. मूळ रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला पाच गाणी आहेत, 'प्लीज लव्ह मी'पर्यंत. ती सलग ऐका, मधलं बोलणं न वगळता. दुसऱ्या गाण्याकडून तिसऱ्याकडे तो बँडला कसा वळवून नेतो, ते तेव्हाच कळेल.