एआयने वडिलांच्या एक्स-रेवर टीबीचा संशय दाखवला, डॉक्टरांनी फोटो पाहिलाच नाही. भरवसा ठेवावा का?

घाबरू नका, पण थुंकीची डबी रिकामी परतही करू नका. मी सोलापुरातच एक्स-रे टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

तुमचे वडील टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, टीबीचा कोर्स १२ वर्षांपूर्वी पूर्ण केलेला. वस्तीतल्या शिबिरात हातात धरायच्या मशिनवर छातीचा फोटो काढला, लॅपटॉपवरच्या एआय सॉफ्टवेअरमध्ये ०.७८ असा आकडा आणि उजवीकडे वरच्या बाजूला लाल डाग आला. कुणी डॉक्टरनं न बघताच डबी हातात ठेवली, याचा तुम्हाला राग आलाय.

राग समजू शकतो, पण यात काही लपवाछपवी नाही. टीबीच्या चाळणीसाठी १५ वर्षं आणि त्यावरच्या माणसांचे छातीचे फोटो डॉक्टरऐवजी सॉफ्टवेअरनं वाचले तरी चालतील, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच २०२१ मध्ये सांगितलंय. फोटो ढीगभर आणि ते वाचणारे रेडिओलॉजिस्ट मोजके, मग दुसरं काय करणार?

आणि ०.७८ म्हणजे ‘टीबी असण्याची शक्यता ७८ टक्के’ असं अजिबात नाही. मोहीम चालवणारे एक रेघ ठरवतात, आकडा तिच्यावर गेला की थुंकी तपासायची. रेघ खाली ओढली तर कमी रुग्ण निसटतात, पण धडधाकट माणसांच्या हातातही डब्या जातात.

सॉफ्टवेअरला सावली दिसते, ती कशाची हे त्याला विचारायला जाता येत नाही. टीबी बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात बसतो. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका येतात, खांद्यावरून पुढं घेतलेली जाड वेणी असते. तिची सावली नेमकी तिथंच पडते, अगदी डाग वाटावा अशी. म्हणून आधी वेणी वर बांधायला लावायची, गळ्यातलं काढायला सांगायचं, खांदे पुढं घ्यायला लावायचे आणि मग ‘श्वास घ्या, धरून ठेवा’. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आजी असेल तर ‘गाली पील्चंडी’ (श्वास आत घ्या) म्हटल्याशिवाय छाती फुगतच नाही! शिबिराच्या गर्दीत यातलं एखादं राहून जातं.

वडिलांच्या बाबतीत मला संशय येतो तो जुन्या व्रणाचा. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसावर चट्टा राहतो, आणि आधी टीबी होऊन गेलेल्यांत, तसंच वयस्कर माणसांत ही सॉफ्टवेअर जास्त फसतात, हे अभ्यासांत दिसून आलंय. छातीचा डॉक्टर जुना फोटो शेजारी लावून बघतो. शिबिरातल्या लॅपटॉपला तो कुणी दिलेलाच नसतो. अर्थात व्रण आहे म्हणून नवा टीबी नसेलच असंही नाही. एकदा होऊन गेलेल्याला तो पुन्हा होण्याचा धोका जास्तच असतो.

तुमचा भाऊ म्हणतो, एआयला नोबेल मिळालंय, ते चुकायचं नाही. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर या माणसांना मिळालं. त्यातल्या हसाबिस आणि जम्पर यांच्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामनं प्रथिनांचे आकार ओळखले. काम अफाटच आहे, पण तुमच्या वडिलांच्या फोटोशी त्याचा संबंध नाही.

आता करायचं काय ते सांगतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायला सांगा, तंबाखूची सवय असेल तर दोनदा. मग खोल श्वास घेऊन छातीतून खोकून बेडका काढायचा. डबीत नुसती लाळ गेली तर तपासणी वाया. तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट नावाच्या मशिनीवर होते, सरकारी दवाखान्यात फुकट. जुनी फाईल आणि जुना फोटो सापडला तर सोबत न्याच. या मशिनी जंतूचा डीएनए शोधतात, त्यामुळे आधी टीबी झालेल्या माणसात मेलेल्या जंतूंमुळेही कधीकधी पॉझिटिव्ह येतं. अशा वेळी डॉक्टर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला सांगतात, त्याला काही आठवडे लागतात.

निगेटिव्ह आलं तरी खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं चालू असेल, तर छातीच्या डॉक्टरला दाखवा की. पॉझिटिव्ह आलं तर औषधं मोफत आहेत, आणि आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिना १,००० रुपये खात्यावर येतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. बँक पासबुक आधीच काढून ठेवा.