सावडीनं चालवायची सायकल

प्रिय लेकरा,

तुझं पत्र काल मिळालं. लातूर-निलंगा-लातूर एकटीनं साडेतीन तासांच्या आत मारलंस, हे वाचून ऊर भरून आला. त्या रस्त्यावरचे गतिरोधक आणि उसाचे ट्रॅक्टर मला ठाऊक आहेत, त्यामुळे हा वेळ किती चांगला आहे हेही कळतं. तरीही, ज्या अर्थी तू यातच करिअर करायचं म्हणतेस त्या अर्थी स्पष्ट लिहितो. तुला सायकल दामटता येते, शर्यतीत चालवता येत नाही अजून.

तुझ्या आजोबांना सावड विचार. ज्याच्याकडे एकच बैल असायचा तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावायचा. आज तुझं रान, उद्या माझं. रस्त्यावरच्या शर्यतीचं गणित तेच आहे. सपाटीवर आपली बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे नीट राहिलं की साधारण ३० टक्के ताकद वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहून जास्त. म्हणून पाच जण आळीपाळीनं पुढे येऊन ओढत असले, तर एकटा कितीही दांडगा असो, त्याला ते बहुधा गाठतातच.

मला हे एकोणिसाव्या वर्षी कळलं. मुंबई-पुणे शर्यतीत पहिल्यांदा उतरलो होतो. अंगात रग होती, पनवेल सोडल्यापासून मीच पुढे. वाटलं, सगळ्यांना मी खेचत नेतोय. खोपोलीला बोरघाट लागला आणि मांड्या दगडासारख्या झाल्या. एकेक जण शेजारून निघून गेला, ताजातवाना. संध्याकाळी एका जुन्या सायकलपटूनं विचारलं, "तुझ्या मागं कोण होतं रे?" मला एकाचाही चेहरा सांगता आला नाही. त्यांनी पुढे काही म्हटलं नाही.

तर आधी चाक धरायला शीक. पुढच्याच्या मागच्या टायरपासून तुझा पुढचा टायर सुरुवातीला एक हात लांब, सवय झाली की एक वीत. नजर त्याच्या चाकावर खिळवू नकोस, कमरेवर आणि खांद्यापलीकडच्या रस्त्यावर ठेव. वेग जास्त झाला तर ब्रेक दाबायचा नाही. किंचित बाजूला होऊन छातीवर वारा घ्यायचा, सायकल आपोआप मंदावते. ब्रेकवर बोट गेलं की तुझ्या मागचे दहा जण पडतात. चाकाला चाक घासलं तर पुढचा सहसा वाचतो, मागचा पडतो. मागची तू असणार आहेस.

आडव्या वाऱ्याचा धडा तर तुझ्या दारातच आहे. जून-जुलैत लातूरहून औशाकडे निघालीस की पश्चिमेचा वारा उजव्या कुशीवर येतो. तेव्हा सरळ मागे राहून उपयोग नाही, पुढच्याच्या डाव्या बाजूला थोडं तिरपं राहावं लागतं. सगळे असे तिरपे लागले की रस्त्याची रुंदी संपते आणि ज्यांना जागा मिळत नाही ते वाऱ्यावर उघडे पडतात. बेल्जियम-हॉलंडमधल्या शर्यती घाट नसतानाही अशाच फुटतात. मात्र सराव पहाटे, रस्ता मोकळा असताना, आणि आपल्या लेनमध्येच.

आता व्यवसायाचं. या धंद्यात बहुतेकांचा पगार दुसऱ्याला जिंकवण्याचा असतो. टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली अनेक दिवस टप्प्याटप्प्यानं चालणारी सगळ्यात मोठी शर्यत. पुरुषांच्या शर्यतीत एका संघाचे आठ स्वार असतात. एका-दोघांसाठी बाकीचे पाणी आणतात, वारा अंगावर घेतात, पंक्चर झालं तर स्वतःचं चाक काढून देतात. त्यांना फ्रेंचमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ घरगडी. आपल्याकडचा सालगडीच म्हण, कारण करारही वर्षा-दोन वर्षांचा. यात कमीपणा वाटणार असेल तर आताच सांग. मला कधी वाटला नाही. माझ्या चाकामागून निघून आमचा गडी जिंकला, त्या दिवशी मी शेवटच्या रेषेच्या दोन किलोमीटर अलीकडे रस्त्याकडेला बसून रडलो होतो, आनंदानं.

तू विचारलंस, आपल्यासारख्या कोपऱ्यातून कुणी तिथवर जातं का. किंबर्ली ल कोर्ट मॉरिशसची. छोटंसं बेट, आपली मराठी माणसंही तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पैशाअभावी एकदा युरोप सोडून तिला परतावं लागलं. पुन्हा गेली आणि २०२५ मध्ये बेल्जियममधली लीज-बास्तोन-लीज ही मानाची शर्यत जिंकली. त्याच वर्षी महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सीही, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची, अंगावर चढवली. आफ्रिकेतल्या इरिट्रियाच्या बिनियम गिरमायनं २०२४ च्या पुरुषांच्या टूरमध्ये तीन टप्पे आणि सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी जिंकली.

पण पैशाच्या भ्रमात राहू नकोस. सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांना किमान पगाराचं बंधन आलं तेच २०२० मध्ये, वर्षाला १५,००० युरो. खालच्या काँटिनेंटल संघांना असं बंधन नाही. माझे एका संघानं सहा महिन्यांचे पैसे बुडवले, कारण मी तोंडी शब्दावर गेलो होतो. कागद वाचल्याशिवाय सही नाही, आणि वाचताना बाबा शेजारी हवेत. बारावी सोडायची नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं एका फायलीत नीट लाव.

जिममधला मुलगा देतो म्हणालीस तो पावडरचा डबा परत कर. उत्तेजकांच्या चाचणीत लघवीच्या नमुन्यात काही सापडलं तर डब्यावर काय छापलं होतं हे कुणी ऐकत नाही. तुझ्या शरीरात जे आहे त्याला तू जबाबदार. लांबच्या राइडला दर अर्ध्या तासाला केळं, खजूर किंवा गूळ-शेंगदाण्याची वडी. भूक लागायच्या आधी. पाण्यात मीठ-साखर-लिंबू. मे महिन्यात सकाळी आठनंतर रस्त्यावर दिसू नकोस.

सायकल बदलायची घाई नको. तुझी जुनी अ‍ॅल्युमिनियमची पुरेशी आहे. टायर मात्र नवे घे, मागच्याचे धागे दिसत होते फोटोत.

येत्या रविवारी पहाटे पाचला औसा रोडच्या उड्डाणपुलापाशी ये. दोन बाटल्या, एक ट्यूब, मागे लाल दिवा. आईला सांगून ये. आम्ही चौघं आहोत, तू पाचवी. पहिले चाळीस किलोमीटर मी सांगेपर्यंत पुढे यायचं नाही.

तुझे सर